छप्पर मिळाल्यानंतर : निर्वासितांच्या मनाची विचारपूस

दिवाळी सरून आठ-दहा दिवस झाले, की खालापूर तालुक्यातल्या साजगावला कार्तिकी एकादशीची जत्रा भरते. देव विठोबाच, पण जत्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार बसतो. त्यामुळे लोक देवालाही आपुलकीने ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. किनाऱ्यावरून मासळी घेऊन आलेले, घाटावरून उतरलेले, खोपोलीच्या कारखान्यांतले, डोंगरातल्या वाड्यांवरचे असे सगळे तिथे एकत्र येतात. वर्षाची बेगमी करायची, सोयऱ्याधायऱ्यांना भेटायचे आणि परतायचे, असा हा साधा शिरस्ता.

याच तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले. वाचलेल्यांना आधी चौकजवळ कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत ठेवण्यात आले आणि पुढे सिडकोने त्यांच्यासाठी पक्की घरे बांधली. त्या काळातल्या बातम्या पाहिल्या तर बहुतेक घरांच्या, मदतीच्या रकमेच्या आणि वीज-पाण्याच्या आहेत. त्यात वावगे काही नाही, कारण आधी छप्परच हवे. पण छप्पर मिळाल्यानंतर माणूस पुन्हा माणसात येतो तो कशाने, हा प्रश्न त्या बातम्यांच्या पलीकडे उरतो.

दरड आणि युद्ध एक नव्हे, हे आधीच स्पष्ट करायला हवे. दरडीत डोंगर खचतो. युद्धात, दंगलीत माणसाला माणूसच हाकलतो, कधी शेजारीच हाकलतो. त्यामुळे घराबरोबर विश्वासही जातो, आणि परतायची वाट बहुधा कायमची बंद होते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हिशेबाने २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून अधिक माणसे छळ, संघर्ष आणि हिंसाचारामुळे घरादारातून उखडलेली होती. त्यातली निम्म्याहून जास्त स्वतःच्याच देशात विस्थापित आहेत. या माणसांच्या मनाचे काय होते आणि त्यांना आधार कसा द्यावा, हे आज एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे.

त्या शास्त्राने काढलेले निष्कर्ष पडताळून पाहायला आपल्याला फार दूर जायला नको. खोपोलीहून सुटणारी लोकल कर्जतवरून कल्याणकडे जाताना उल्हासनगरला थांबते. मुंबईहून निघून कर्जतला बोरघाट चढणारी गाडी पुणे, मिरज करीत कोल्हापूरला पोचण्याआधी वळिवड्यावरून जाते. विसाव्या शतकातल्या दोन मोठ्या उलथापालथींत उखडलेली माणसे या दोन ठिकाणी येऊन राहिली. त्यांच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ कोणी पाठवले नव्हते. तरीही त्यांची मने कशाने सावरली आणि कुठे सावरली नाहीत, हे तिथे दिसते.

वळिवडे : पाच वर्षांचे गाव

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत तिथल्या लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडच्या जंगलांत नेण्यात आले. जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केल्यावर चित्र पालटले. ३० जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की करारानंतर या लोकांची सुटका झाली, आणि जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. त्या सैन्याच्या मागोमाग १९४२ मध्ये हजारो बायका-मुले कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. वाटेत उपासमारीने आणि टायफसने कित्येक दगावली. वाचलेल्या मुलांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. पोटभर जेवण मिळू लागल्यानंतरही पावाचे तुकडे उशीखाली लपवून ठेवायची त्यांची सवय सुटत नव्हती.

इराणमधून या लोकांना पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको आणि हिंदुस्थान अशा निरनिराळ्या ठिकाणी पाठवण्यात आले. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलिश मुलांना आसरा दिला, ही हकीकत बऱ्यापैकी माहीत आहे. मात्र संख्येने मोठी वसाहत होती ती कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. त्यांत प्रामुख्याने बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती. घरचे कर्ते पुरुष आघाडीवर होते, नाहीतर बेपत्ता होते. खर्चाची जबाबदारी लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारने घेतली होती.

वळिवड्याच्या छावणीत बराकींच्या लांबच लांब रांगा होत्या. पण कुटुंबाला स्वतंत्र खोल्या होत्या आणि स्वतःची चूल होती. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. तिचे मोल जाणायचे तर सार्वजनिक भटारखान्यापुढे थाळी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या आईची कल्पना करावी. ज्या बाईला दोन वर्षे मुलांना काय घालायचे हे ठरवता आले नव्हते, तिला पुन्हा ‘आज काय करू?’ असा प्रश्न पडू लागला. तो पडणे हीच सुधारणेची सुरुवात होती.

छावणीत चर्च होते, दवाखाना होता, टपालघर होते, नाटके होत. अनाथ मुलांसाठी वेगळे वसतिगृह होते. बालवाडीपासून वरच्या वर्गांपर्यंतच्या शाळा होत्या आणि शिक्षण पोलिश भाषेत होते. शिकवणाऱ्या बहुतेक बाया स्वतः निर्वासितच होत्या. मुलामुलींची बालवीर पथके होती. छावणीचा रोजचा कारभारही बव्हंशी पोलिश लोकांच्याच हाती होता. म्हणजे तिथे राहणारा माणूस नुसता मदत घेणारा नव्हता. कोणी शिक्षिका होती, कोणी परिचारिका, कोणी शिवणकाम करणारी, कोणी पथकाचा नायक. सकाळी उठल्यावर ज्याची कोणीतरी वाट पाहते, असे काहीतरी काम बऱ्याच जणांकडे होते.

या सगळ्याला त्या काळी कोणी ‘मनोसामाजिक आधार’ म्हणत नव्हते. मुलांचे शिक्षण बुडू नये आणि भाषा विसरली जाऊ नये, एवढाच हेतू होता. पण शाळेच्या घंटेने मोडलेल्या दिवसाला पुन्हा आकार आला, सणावारांनी वर्षाला आकार आला आणि भाषेने आपण कोण याचे उत्तर शाबूत ठेवले. छावणीतून पुढे जगभर पांगलेल्या मुलांनी म्हातारपणी आपल्या संघटना बांधल्या, आठवणींचे ग्रंथ काढले आणि पुन्हा कोल्हापूरला येऊन गेली. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या ऋणाचे स्मारक उभे आहे.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ज्यांनी लिहिले ती बहुतांशी तेव्हा मुले होती, आणि मुलांना वळिवडे हे मोकळे रान वाटले. त्यांच्या आयांनी फारसे लिहून ठेवलेले नाही. १९४५ च्या याल्टा परिषदेनंतर पूर्व पोलंडचा मुलूख सोव्हिएत युनियनकडे गेला, तेव्हा या बायकांना कळून चुकले की युद्ध संपले तरी परत जायला घर नाही. छावणी मोडली तेव्हा त्या ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा वाटांनी गेल्या आणि थोड्या पोलंडला परतल्या. रुळलेले गाव सोडायची ही त्यांची दुसरी वेळ होती. मुलांच्या आनंदी आठवणींवरून आयांच्या मनाचा अंदाज बांधणे बरोबर होणार नाही.

तीच छावणी, दुसरे निर्वासित

पोलिश लोक गेले आणि वळिवड्याच्या बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात. कापडाची घाऊक बाजारपेठ म्हणून कोल्हापूर-सांगलीकडच्या घराघरात ते नाव माहीत आहे. एकाच जागेने दोन खंडांतल्या निर्वासितांना पाठोपाठ आसरा दिल्याची अशी उदाहरणे थोडीच सापडतील.

सिंधी समाजाचा मोठा लोंढा ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर मुंबई इलाख्याकडे आला. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत लाखाच्या आसपास माणसे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. आजही तिथला पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगतात. छावणी उठून पाऊणशे वर्षे झाली, तरी शब्द उठलेला नाही.

इथली परिस्थिती वळिवड्यापेक्षा कठीण होती. बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबे राहिली. शाळा-चर्चची तयार घडी नव्हती, आणि परदेशातून खर्च उचलणारे सरकारही नव्हते. या लोकांनी धरलेली वाट होती व्यापाराची. पापड, मिठाई, कापड, लोकलच्या डब्यात विकायचा किरकोळ माल. ‘शरणार्थी’ या शब्दाला त्या पिढीतल्या अनेकांनी ‘पुरुषार्थी’ असे उत्तर दिले. या शब्दामागची मानसिकता महत्त्वाची आहे. दयेचा विषय होणे माणसाला आतून पोखरते. हाताला काम मिळाले की तो आपली ओळख स्वतः ठरवू लागतो.

पण याची दुसरी बाजूही आहे. धंद्यात यश आले तसे दुःख बोलायचे राहून गेले. उर्वशी बुटालिया यांच्या १९९८ मधल्या फाळणीवरील ग्रंथापासून मौखिक इतिहासाचे काम वाढले, तेव्हा लक्षात आले की कित्येक घरांत पन्नास वर्षे त्या दिवसांविषयी चकार शब्द निघाला नव्हता. राज्यकर्त्यांनी मनाच्या आरोग्याची दखल घेतली ती वेगळ्याच रीतीने. १९५० च्या अखेरीस भारत आणि पाकिस्तान यांनी मनोरुग्णालयांतल्या रुग्णांची धर्मावरून अदलाबदल केली. मंटोची ‘टोबा टेकसिंग’ ही कथा त्याच व्यवहारावर आहे. लाखो शहाण्यांच्या मनावर काय ओरखडे उठले, याची विचारपूस मात्र कोणत्याही खात्याकडे नव्हती.

चार थरांची रचना

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागांत साधारण पाचांतल्या एका माणसाला नैराश्य, चिंताविकार, आघातोत्तर ताण किंवा असाच एखादा मानसिक विकार असतो. शंभरातल्या सुमारे पाचांचा विकार तीव्र असतो. हे प्रमाण मोठे आहे. पण त्याची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. पाचांतले चार जण आजारी नाहीत. ते दुःखात आहेत, झोप उडालेली आहे, चिडचिड होते आहे. पण हे दुःख म्हणजे रोग नव्हे. त्यांना गोळी नको असते, विस्कटलेले जगणे पुन्हा बसवायला मदत हवी असते.

हा भेद लक्षात घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि इतर मदतसंस्था यांच्या संयुक्त समितीने २००७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मदतीची रचना चार थरांच्या पिरॅमिडसारखी मांडली आहे. सर्वांत खालचा आणि रुंद थर म्हणजे सुरक्षितता, अन्न, पाणी, निवारा, आणि हे सारे मान राखून देणे. त्यावरचा थर कुटुंब आणि समाजाच्या आधाराचा : ताटातूट झालेल्यांना भेटवणे, शाळा सुरू करणे, शोकविधी आणि सणांना जागा देणे, कामधंदा. तिसरा थर थोडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी द्यायच्या मदतीचा. टोकाचा, सर्वांत लहान थर मानसोपचारतज्ज्ञांचा. खालचे थर कच्चे असताना फक्त टोक बांधले तर ते टिकत नाही. आणि टोकच नसेल तर तीव्र विकाराचा माणूस कुटुंबासकट कोलमडतो.

वळिवडे या मापाने पाहिले तर तिथे पहिले दोन थर भक्कम होते. शिक्षिका, परिचारिका आणि पथकनायक यांनी तिसऱ्याचे काम नकळत केले. उल्हासनगरात पहिला थर कच्चा होता, पण दुसरा लोकांनी स्वतःच्या हिमतीवर उभारला. चौथा दोन्हीकडे नव्हता, आणि त्यामुळे कोणाचे काय झाले याची नोंदही राहिली नाही.

पहिल्या दिवसांत काय करावे यावरही आता एकमत होत आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ‘मानसिक प्रथमोपचारा’ची पुस्तिका काढली. तिचा सारांश तीन क्रियापदांत सांगता येतो : पाहा, ऐका, जोडून द्या. कोणाला तातडीची गरज आहे ते पाहा; बोलायचे असेल त्याचे ऐका; आणि नातेवाईक, दवाखाना, माहिती यांच्याशी त्याला जोडून द्या. ‘काय झाले ते सगळे सांग’ असा आग्रह धरू नका. घटनेनंतर लगेच लोकांना बसवून अनुभव उगाळायला लावल्याने फायदा होत नाही. हे आपल्याकडच्या कॅमेऱ्यांना आणि भेटीला येणाऱ्या पाहुण्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवे.

न सापडलेली माणसे

या सगळ्या आराखड्यांतून एक दुःख मात्र निसटते. वळिवड्याची वसाहत बसत होती त्याच वर्षी, एप्रिल १९४३ मध्ये, कातिनच्या जंगलातल्या सामूहिक कबरींची बातमी जगाला कळली. १९४० मध्ये सोव्हिएत पोलिसांनी सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी आणि इतर कैद्यांना ठार केले होते. त्यांच्या कुटुंबांनाच त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये हद्दपार केलेले होते. सोव्हिएत युनियनने हे कृत्य १९९० पर्यंत कबूल केले नाही. म्हणजे पन्नास वर्षे कित्येक बायकांना आपण विधवा आहोत की नाही, हे खात्रीने सांगणारे कोणी नव्हते.

अमेरिकेतल्या पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून या अवस्थेला नाव दिले. मराठीत त्याला ‘संदिग्ध वियोग’ म्हणता येईल. मृत्यू झाला की शोकाला सुरुवात असते आणि कधीतरी उतारही असतो. माणूस सापडलाच नाही तर शोक सुरू करणे हाच विश्वासघात वाटतो. आशा सोडवत नाही आणि धरवतही नाही. असा माणूस बाहेरून ‘अजून सावरला नाही’ असा दिसतो, पण तो आजार नव्हे. त्या परिस्थितीचाच तो स्वभाव आहे.

आपल्या परंपरेला हे ठाऊक होते. देह न मिळालेल्या माणसासाठी पळसाच्या पानांची प्रतिमा करून अंत्यविधी करायची तरतूद धर्मशास्त्रात आहे. त्याला पालाशविधी म्हणतात. तो विधी मृतासाठी सांगितला आहे, पण त्याचा आधार जिवंतांना होतो : अमुक दिवशी आम्ही त्याला निरोप दिला, एवढे तरी म्हणता येते. प्रत्येक समाजाची रीत वेगळी असेल. मदत करणाऱ्याने ती विचारावी आणि तिला जागा, वेळ व साहित्य द्यावे. तंबू आणि तांदळाइतकीच ही मदत खरी आहे. इर्शाळवाडीच्या ५७ माणसांना कागदोपत्री मृत ठरवण्यात आले, आणि वारसांना मदत मिळण्यासाठी ते आवश्यकही होते. पण कागदावरचा शेवट आणि मनातला शेवट एकाच तारखेला होत नाहीत.

मदत कोण करणार?

इथे नेहमीचे उत्तर येते : आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ आहेतच कुठे? उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. थोडे प्रशिक्षण दिलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंताविकाराच्या रुग्णांना दिलेल्या मदतीने बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढले. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला, साधे समुपदेशन करायला आणि गरज पडल्यास पुढे पाठवायला तयार केले. म्हणजे तिसरा थर मराठी भाषेत, गावच्या ओट्यावर बांधता येतो, हे करून दाखवलेले आहे.

कायद्याची चौकटही आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीतील मनोसामाजिक आधाराविषयी डिसेंबर २००९ मध्ये मार्गदर्शिका काढली. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ ने शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा हक्क मानला. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा चालू आहे. उणीव आहे ती काळाच्या हिशेबात. मदतीची पथके पहिल्या पंधरवड्यात येतात आणि पहिल्या महिन्यात जातात. मनाचा त्रास बऱ्याचदा त्यानंतर, पाहुणे पांगल्यावर आणि नव्या घराची किल्ली हातात पडल्यावर वर येतो. वळिवड्याची छावणी पाच वर्षे टिकली, हेच तिचे मोठे बळ होते. पुनर्वसनाचा आराखडा करताना घरांच्या नकाशाशेजारी आणखी काही प्रश्न लिहिले पाहिजेत. दोन वर्षांनी इथे कोण येणार? जुने शेजारी नव्या वसाहतीतही शेजारीच राहतील का? कामाची जागा किती लांब पडेल? मुले वसतिगृहात गेली तर आयांचा दिवस कशाने भरेल?

साजगावची जत्रा यंदाही भरेल. तिथे बसून कोणी मानसिक आरोग्याची पाहणी करणार नाही, करूही नये. पण उखडलेले कुटुंब पुन्हा जत्रेला येऊ लागले आहे का, ओळखीच्या दुकानदाराशी भावावरून हुज्जत घालते आहे का, लेकीच्या सासरी पाठवायला चार जास्तीचे बोंबील बांधून घेते आहे का, यावरून पुष्कळ कळते. आणि जे येत नाहीत, त्यांच्या दारी जाऊन बसणारे कोणीतरी त्या गावात असावे लागते. पहिल्या गोष्टीसाठी जगणे पुन्हा बसवावे लागते आणि दुसरीसाठी माणसे तयार करावी लागतात. घरे बांधून झाल्यावर ही दोन कामे शिल्लक राहतात, आणि ती करण्याचे ज्ञान आज आपल्याजवळ आहे.